शोधनिबंधाची भाषा कोणाच्या घरची?

परदेशी नियतकालिकाकडे पाठवलेला शोधनिबंध परत येतो तेव्हा परीक्षकांच्या शेऱ्यांत एक सूचना बहुतेक वेळा असतेच: इंग्रजी मातृभाषा असलेल्या कोणाकडून तरी मजकूर तपासून घ्यावा. सूचना वरकरणी साधी आहे, पण ती चाकूरला पोचली की तिचे करायचे काय, हे कळत नाही. लातूर-नांदेड रस्त्यावरच्या या तालुक्याच्या गावात सोयाबीन आहे, तूर आहे, सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, देशाला लोकसभेचा अध्यक्ष आणि गृहमंत्री दिल्याचा अभिमान आहे. इंग्रजी मातृभाषा असलेला माणूस तेवढा नाही. मग मजकूर लातूरच्या एखाद्या इंग्रजीच्या प्राध्यापकाकडे जातो, नाहीतर पुण्यात नोकरीला असलेल्या भाच्याकडे, नाहीतर हल्ली थेट फोनमधल्या यंत्राकडे. तिघेही दुरुस्त करतात ते सारखेच. राहिलेले ‘द’ घालतात, नको तिथले काढतात, ‘रिसर्चेस’चे ‘रिसर्च’ करतात, ‘डिस्कस्ड अबाउट’मधला ‘अबाउट’ खोडतात. निबंध पुन्हा जातो आणि पुष्कळदा पुन्हा परत येतो.

या ‘द’ची बदनामी जरा जास्तच झाली आहे. मराठीत असले उपपद नाही. रशियनमध्ये नाही, जपानी-चिनीतही नाही. त्या भाषांतून इंग्रजीत आलेला माणूस जन्मभर तिथे अडखळतो आणि तरीही त्याचे म्हणणे वाचकाला नीट कळते. मराठीतली ‘त आहे’ची सवय इंग्रजीत ‘इज हॅविंग’ होऊन उतरते. तीही कानाला खटकते, अर्थाला धक्का लावत नाही. असल्या खुणांवरून लेखक कुठला ते ओळखता येईल. त्याचा निबंध कच्चा आहे की पक्का, हे त्यावरून कळत नाही. इंग्रजी घरात बोलणारा आणि ती शाळेत शिकलेला यांच्या शास्त्रीय लेखनात खरे अंतर पडते ते दुसऱ्याच ठिकाणी, आणि ते तपासायला भाच्याला सांगता येत नाही.

ते ठिकाण म्हणजे खात्रीचे माप. केन हायलंड आणि जॉन मिल्टन या दोघांनी १९९७ साली हाँगकाँगमधल्या शाळा संपवणाऱ्या ९०० विद्यार्थ्यांचे इंग्रजी परीक्षेतले लेखन घेतले आणि त्याच वयाच्या ७७० ब्रिटिश विद्यार्थ्यांच्या लेखनाशेजारी ठेवले. शंका आणि खात्री हे दोन्ही गट कसे मांडतात, एवढेच त्यांना पाहायचे होते. हाँगकाँगची मुले जास्त ठाम विधाने करत होती. ‘बहुधा’, ‘कदाचित’, ‘असे सुचवता येईल’ या छटांसाठी त्यांच्याजवळ मोजकीच साधने होती आणि तीच ती पुन्हा पुन्हा वापरली जात होती. हायलंड यांनी पुढच्याच वर्षी विज्ञानातल्या शोधनिबंधांवर पुस्तक लिहिले. मुरलेला शास्त्रज्ञ आपले विधान किती सावधपणे, किती कुंपणे घालून करतो, हाच त्याचा विषय होता. ही कुंपणे भित्रेपणाची नसतात. पुरावा जेवढा, तेवढेच बोलायचे, आणि उद्या कोणी वेगळा पुरावा आणला तर त्याच्यासाठी दार उघडे ठेवायचे, असा तो व्यवहार आहे.

याचा उत्तम नमुना आपल्याच जिल्ह्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, हजारो माणसे गेली. दख्खनचा कातळ म्हणजे न हलणारी जमीन, हा समज त्या पहाटे मोडला. जमीन नेमकी कुठे फाटली, भेग जुनी की नवी, यावर देशोदेशीचे भूशास्त्रज्ञ कामाला लागले. अमेरिकी आणि भारतीय शास्त्रज्ञांनी मिळून लिहिलेला एक महत्त्वाचा निबंध १९९६ साली ‘जर्नल ऑफ जिओफिजिकल रिसर्च’मध्ये आला. किल्लारीचा भूकंप म्हणजे बसॉल्टच्या थरांतला नवा प्रस्तरभंग आहे काय, अशा आशयाचे त्याचे शीर्षक होते आणि शेवटी चक्क प्रश्नचिन्ह होते. खंदक खणून, मोजमापे घेऊन, नकाशे काढून झाल्यावर छापलेले हे शीर्षक आहे. आपल्याकडच्या एखाद्या मार्गदर्शकाने ते प्रश्नचिन्ह पाहिले असते तर विद्यार्थ्याला विचारले असते, “अहो, उत्तर सापडलं नाही तर पेपर कशाला लिहिला?”

आता चाकूरच्या आठवडी बाजारात एखाद्या शेतकऱ्याला विचारा, औंदा सोयाबीनचा उतारा का कमी आला. तो म्हणेल, “बियाणंच बोगस आसंल, न्हाईतर फुलोऱ्यात पावसानं खंड पाडला म्हनून बी आसंल.” दोन शक्यता, दोन्हींना ‘आसंल’चे कुंपण, आणि दुसरी कोणत्या अवस्थेत लागू पडते तेही सांगून झाले. अशा शेतकऱ्याचा मुलगा अर्थशास्त्रात किंवा कृषिविज्ञानात संशोधन करतो आणि इंग्रजीत लिहायला बसतो, तेव्हा त्याच्या लेखणीतून ‘इट इज प्रूव्ह्ड दॅट’ उतरते. ‘इट इज क्रिस्टल क्लिअर’ उतरते. ‘अनडाउटेडली’ उतरते. घरात, गावात, पारावर सांभाळलेले सगळे ‘आसंल’ इंग्रजीच्या उंबऱ्यावरच गळून पडतात.

का गळतात? पौर्वात्य मन, संस्कृती वगैरे मोठी कारणे मला पटत नाहीत. कारण शाळेत आहे. ‘मे’, ‘माइट’, ‘कुड’ ही आपल्याला भेटली ती दहावीच्या कृतिपत्रिकेत, सहायक क्रियापद ओळखा आणि त्याचे कार्य लिहा, या गुणांच्या प्रश्नात. ‘पॉसिबिलिटी’ असे उत्तर पाठ होते, गुण मिळत होते. तो शब्द आपल्या स्वतःच्या शंकेसाठी वापरायचा असतो हे सांगायला कोणाला वेळ नव्हता. ठाम वाक्ये मात्र भरपूर भेटली: भूमितीत ‘हेन्स प्रूव्ह्ड’, गाइडमधल्या निबंधांत ठोकळेबाज समारोप, भाषण स्पर्धेत टाळ्यांची वाक्ये. इंग्रजीचा हाच साठा हाताशी असेल तर माणूस शोधनिबंधातही तोच वापरणार. त्यात नोकरीची गणिते आली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० पासून पदोन्नतीसाठी प्रकाशनांना गुण लावले, पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापून आलाच पाहिजे ही अट बरीच वर्षे होती, ती २०२२ च्या नियमांत गेली. दरम्यान परिसंवादांच्या जाडजूड इतिवृत्तांत हजारो निबंध छापले गेले. तिथे ‘कदाचित’ लिहिणाऱ्याला कोणी जास्त गुण दिल्याचे ऐकिवात नाही.

दुसरे अंतर सुरुवातीला पडते. आपल्याकडे शोधनिबंधाचे नाव ‘एक चिकित्सक अभ्यास’ असते, पुढे ‘विशेष संदर्भ: चाकूर तालुका’ असतो, आणि पहिले वाक्य असते, भारत हा कृषिप्रधान देश आहे. मग वेदकाळ, मग ब्रिटिश काळ, मग पंचवार्षिक योजना, मग महाराष्ट्र, मग मराठवाडा. नमनाला घडाभर तेल जाते आणि चाकूर येईपर्यंत चार पाने संपतात. जॉन स्वेल्स यांनी १९९० साली इंग्रजी शोधनिबंधांच्या प्रस्तावनांचा आराखडा मांडला. त्यांच्या मते तिथे तीन चाली असतात: आधी क्षेत्र दाखवायचे, मग त्या क्षेत्रात कोणती जागा रिकामी राहिली आहे ते दाखवायचे, मग ती जागा आपण व्यापायची. आपल्या प्रस्तावनांत पहिली चाल अवाढव्य असते, तिसरी एका वाक्याची असते आणि मधली बहुतेक वेळा गायबच असते. रिकामी जागा दाखवायची म्हणजे आधीच्यांचे काय चुकले, काय राहून गेले, हे सांगायचे. आधीच्यांपैकी कोणी आपल्या मार्गदर्शकाचे गुरू असतात, कोणी उद्या व्हायवाला समोर बसणार असतात. विद्यार्थी शहाणा असतो. तो वेदकाळात जाऊन बसतो.

रॉबर्ट कॅप्लन या अमेरिकी भाषातज्ज्ञाने १९६६ साली या प्रकाराची गाजलेली चित्रे काढली होती. इंग्रजी विचार सरळ रेषेत जातो, पौर्वात्य विचार गोल गोल फिरत आत येतो, वगैरे. यमुना कच्रू यांच्यासारख्यांनी या मांडणीवर आक्षेप घेतले, खुद्द कॅप्लनही पुढे नरमले, तरी ती चित्रे शिक्षकांच्या मनातून गेलेली नाहीत. ती खोडायला एक मराठी उदाहरण पुरेसे आहे.

९ मे १९१६. कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांचे भीमराव आंबेडकर भारतातील जातींवर निबंध वाचतात. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून येतो. आंबेडकर विषय सांगतात आणि लगेच आधीच्या व्याख्या हातात घेतात: फ्रेंच सेनार, इंग्रज नेसफिल्ड, इंग्रज रिस्ले आणि मराठी केतकर. एकेकाची व्याख्या समोर ठेवायची, त्यात काय पकडले गेले आणि काय निसटले ते दाखवायचे, आणि मग आपले म्हणणे मांडायचे. स्वेल्स यांच्या मधल्या चालीचा वस्तुपाठच, स्वेल्स यांच्या पुस्तकाआधी चौऱ्याहत्तर वर्षांचा. त्यातही श्रीधर व्यंकटेश केतकरांशी ते ज्या रीतीने वागतात ते पाहण्यासारखे आहे. केतकरांचा जातिसंस्थेवरचा इंग्रजी ग्रंथ १९०९ सालचा, कॉर्नेल विद्यापीठातल्या अभ्यासातून आलेला. आंबेडकर त्यांना आतला माणूस म्हणून जास्त मान देतात आणि तरीही त्यांच्या व्याख्येची दुरुस्ती करतातच. मान आणि दुरुस्ती एकाच परिच्छेदात मावतात, हे आमच्या विभागांतून शिकवायला हवे. केतकर पुढे मराठीत ज्ञानकोश करायला परतले, ही आणखी वेगळी गोष्ट.

लंडनचा प्रसंगही तितकाच बोलका आहे. रुपयाच्या प्रश्नावरचा आंबेडकरांचा प्रबंध लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये सादर झाला तेव्हा ब्रिटिश धोरणावरच्या टीकेमुळे तो अडला. निष्कर्ष कायम ठेवून मांडणी बदलावी लागली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १९२३ साली पुस्तक निघाले, त्याला त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे. कॅनन तिथे लिहितात की या लेखकाचे बहुतेक युक्तिवाद आपल्याला मान्य नाहीत; पण काही ठिकाणी त्याने नेमके वर्मावर बोट ठेवले आहे, आणि जिथे तो साफ चुकला असे वाटले तिथेही त्याच्या विचारांत ताजेपणा जाणवला. शिष्याच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत मतभेद छापायचे आणि कौतुकही छापायचे, दोन्हींचे माप सांभाळून. कॅनन यांची मातृभाषा इंग्रजी होती. पण ही रीत त्यांना आईने शिकवली नव्हती. ती त्यांनीही विद्यापीठातच उचलली.

म्हणूनच ‘मातृभाषिक’ हा निकष हातात धरला की तो निसटायला लागतो. दामोदर धर्मानंद कोसंबी १९०७ साली गोव्यात जन्मले, वाढले अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये, पदवी हार्वर्डची. त्यांना कोणत्या रकान्यात बसवायचे? पिअर बोर्द्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रान्समध्ये १९६५ साली दाखवून दिले होते की विद्यापीठातली भाषा कोणाचीच मातृभाषा नसते, सुशिक्षित घरातल्या मुलांचीही नसते. फक्त त्यांना ती कमी परकी वाटते. हायलंड यांनी २०१६ साली तर भाषिक अन्यायाची ओरड म्हणजे बऱ्याच अंशी मिथक आहे, असे म्हणून वाद ओढवून घेतला. नवखा इंग्रजही अडखळतो, हा त्यांचा मुद्दा. तो खरा आहे. अपुराही आहे.

किती अपुरा, ते चाकूरच्या मुलाचा प्रवास पाहिला की कळते. घरी तो ‘काय करायलास?’ म्हणतो. शाळेत गेल्यावर ‘काय करतो आहेस?’ हे प्रमाण रूप शिकतो, म्हणजे पुस्तकी मराठी हीच त्याची पहिली शिकलेली भाषा. बाजारात दखनी कानावर पडते, शेजारी कर्नाटकाची हद्द असल्याने कानडीही पडते. इंग्रजी त्यानंतर. त्याच्या पणजोबांच्या पिढीपुढे तर वेगळाच डोंगर होता. हा मुलूख निजामाच्या राज्यात. हैदराबादला १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यमाचे. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उभारून इतिहासापासून वैद्यकापर्यंतचे ग्रंथ उर्दूत आणले गेले. इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतून आधुनिक उच्च शिक्षण देण्याचा तो भारतातला फार मोठा प्रयोग होता. मराठी मुलाला मात्र उर्दूही परकीच, आणि १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर माध्यम इंग्रजी झाले तेव्हा गाडी पुन्हा पहिल्या स्थानकावरून. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज आणि औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय, १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ, १९९४ साली नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ. मुंबई-पुण्याकडे इंग्रजीतून पदव्या मिळायला १८६० च्या दशकातच सुरुवात झाली होती. एवढे अंतर एका पिढीत ‘द’ दुरुस्त करून भरत नसते. नरहर कुरुंदकरांसारखा माणूस नांदेडात बसून आयुष्यभर मराठीतच लिहीत राहिला. ज्या वाचकांशी त्यांना वाद घालायचा होता ते मराठीच होते, त्यामुळे त्यांचे काही अडले नाही. अडले असेल तर बाहेरच्यांचे.

आणि आज अडते ते मोजताही येते. तात्सुया आमानो आणि सहकाऱ्यांनी २०२३ साली ‘प्लॉस बायॉलॉजी’त आठ देशांतल्या ९०८ पर्यावरणशास्त्रज्ञांची पाहणी छापली. त्यांत भारत नव्हता, पण नेपाळ आणि बांगलादेश होते. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे निबंध भाषेच्या कारणावरून नाकारले जाण्याचे प्रमाण सुमारे अडीच पट निघाले, आणि भाषा सुधारून आणा असे सांगितले जाण्याचे साडेबारा पट. वाचायला वेळ जास्त, लिहायला जास्त, परिषदेत बोलायची तयारी करायला तर आणखीच जास्त.

हा वेळ वाचवायला विद्यार्थी काय करतो? उचलतो. दुसऱ्याच्या निबंधातले वाक्य घ्यायचे, दोन शब्द बदलायचे, तिसरीकडचे अर्धे वाक्य जोडायचे. अमेरिकेतल्या लेखनशिक्षकांनी या ठिगळकामाकडे नव्वदच्या दशकात बारकाईने पाहिले आणि सांगितले की यातले सगळेच चोरी नसते. नवख्या भाषेत पाय टेकवायची ती एक पायरी असते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम पायऱ्या पाहत नाहीत, टक्के पाहतात. साम्य १० टक्क्यांपर्यंत चालते. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून आणायचे. ४० ते ६० असेल तर वर्षभर प्रबंध देता येत नाही. ६० च्या वर नोंदणीच रद्द. ग्रंथालयातून साम्याचा अहवाल आला की डीटीपीवाल्याच्या खुर्चीशेजारी बसून शब्द फिरवायचे काम सुरू होते. ‘इम्पॉर्टंट’चे ‘सिग्निफिकंट’ होते. संख्याशास्त्रात ‘सिग्निफिकंट’ला ठराविक अर्थ आहे हे त्या घाईत कोणाला सुचत नाही, आणि टक्के उतरतात तसा निबंधही चुकत जातो.

२०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि हे सगळे चित्र हलले. उपपदे, अनेकवचने, काळ, सगळे आता फुकटात आणि क्षणात नीट होते. वर एक नवी फजिती आली. मजकूर यंत्राने लिहिला का ते सांगणारी सात साधने स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ साली तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी टोफेल परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले ९१ निबंध त्यांनी त्या साधनांना दिले. सरासरी ६१ टक्के वेळा निकाल आला, हे यंत्राचे आहे. कारण सरळ होते. मोजके शब्द, ओळखीची वाक्यरचना म्हणजे यंत्र, असे त्या साधनांनी धरले होते. शिकलेल्या भाषेत जपून लिहिणारा माणूसही तसेच लिहितो.

यंत्राच्या मदतीने भाषा साफ झाली तरी एक काम त्याच्याकडे सोपवता येत नाही. समजा, चाकूर तालुक्यातल्या साठ सोयाबीन उत्पादकांना प्रश्नावली देऊन निष्कर्ष काढला की पीकविम्यामुळे कर्ज कमी झाल्याचे सिद्ध होते. यंत्र या वाक्यातले इंग्रजी चकचकीत करील. ‘सिद्ध’ तिथेच राहील, वर ‘निर्विवादपणे’ची भर पडली तर नवल नाही. तिथे ‘सिद्ध होते’ लिहायचे, ‘दिसून येते’ लिहायचे की ‘या साठ जणांपुरते तसे वाटते’ लिहायचे, हे व्याकरण ठरवत नाही. ते साठ जण कसे निवडले, किती गावांतले, कोरडवाहू किती आणि विहीर-बोअरवाले किती, विमा न काढलेले शेतकरी तुलनेला घेतले होते का, यावर ते ठरते. व्हायवाला बाहेरून आलेले परीक्षक हेच विचारतात आणि मराठीतच विचारतात. त्यावर विद्यार्थी मराठीत उत्तरही फार चांगले देतो: “सर, त्यातले चाळीस आमच्याच सर्कलमधले होते, त्यामुळे तालुक्याबद्दल तसं ठाम नाही सांगता येणार.” हे वाक्य प्रबंधाच्या इंग्रजी मजकुरात कुठेच नसते.